तिथी पाहून खाडीवर: सोलापूरहून ठाणे खाडीतील रोहित पाहण्याची एका दिवसाची सहल

सोलापूरहून समुद्रकाठचे वन्यजीवन पाहायला जायचे म्हटले की बहुतेकांना मालवण-तारकर्लीचे डॉल्फिन आठवतात. ती सहल उत्तमच आहे. पण त्यासाठी घाट उतरून जाणे, मुक्काम आणि परतीचा प्रवास असे तीन-चार दिवस सहज मोडतात. ज्यांना एकच दिवस मोकळा काढता येतो, त्यांच्यासाठी ठाणे खाडीतील रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहण्याची मार्गदर्शकासह होणारी बोटफेरी हा अधिक सोयीचा पर्याय आहे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघावे, सकाळी ठाण्यास उतरावे, दिवस खाडीवर घालवावा आणि त्याच रात्री सिद्धेश्वरने परतावे, म्हणजे हॉटेलचा खर्च लागत नाही. हा लेख अशी सहल प्रथमच आखणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांचा भरती-ओहोटीशी कधी संबंध आलेला नाही अशा सोलापूरकरांसाठी आहे.

ही फेरी ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघते. हे केंद्र महाराष्ट्र वन विभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाच्या आणि कांदळवन प्रतिष्ठानाच्या देखरेखीखाली चालते. खाडीचा ऐरोली पूल ते वाशी पूल यांमधील पश्चिमेकडचा पट्टा 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर असून त्यातील निम्म्याहून अधिक भाग कांदळवनाचा आहे. 2022 मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. राज्यात त्याआधी तो नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार या दोनच ठिकाणांना होता.

उजनीत दिसतात, मग ठाण्याला कशाला?

हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील कोणीही विचारील, आणि तो योग्यच आहे. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात, भिगवणजवळच्या कुंभारगाव परिसरात, दर हिवाळ्यात रोहित येतात आणि तेथेही स्थानिक नावाडी पक्षी दाखवतात. मात्र उजनीत दिसतो तो प्रामुख्याने मोठा रोहित. तो उंच, पांढरट अंगाचा असून त्याची चोच गुलाबी आणि टोकाशी काळी असते. ठाणे खाडीत बहुसंख्येने असतो तो लहान रोहित: उंचीने तीन फुटांच्या आतला, अंगाने अधिक गुलाबी आणि चोचीने इतका गडद तांबडा की दुरून ती काळीच वाटते. दोन्ही जाती खाडीत एकत्र दिसू शकतात आणि त्यांच्यातील फरक शेजारी शेजारी पाहायला मिळणे हेच या सहलीचे एक मोठे आकर्षण आहे.

दुसरा फरक पाण्याचा आहे. उजनीचे पाणी पावसाळ्यानंतर आवर्तने सुटत जातात तसे महिन्यामहिन्याने उतरते, काठचा गाळ उघडा पडतो आणि त्या गाळावर पक्षी उतरतात. खाडीत हेच सगळे सव्वासहा तासांत घडते, आणि दिवसातून दोनदा घडते. उजनीला सकाळी जाणारा मनुष्य सात वाजता पोहोचला काय आणि नऊ वाजता पोहोचला काय, पाणी होते तेथेच असते. खाडीवर मात्र दोन तासांचा उशीर झाला तर बोटीसाठी पाणी उरणार नाही किंवा पक्ष्यांसाठी चिखल उरणार नाही. म्हणून या सहलीची आखणी सुट्टीच्या वारापासून न करता भरतीच्या वेळेपासून करावी लागते. हे एक समजले की बाकी सगळे सोपे आहे.

पहिली पायरी: हंगाम आणि तिथी ठरवणे

रोहित साधारणतः नोव्हेंबरपासून खाडीत येऊ लागतात, जानेवारी ते एप्रिल या काळात त्यांची संख्या भरघोस असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या अखेरीपर्यंत, बहुतेक थवे गुजरातच्या दिशेने निघून जातात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. खाडीत ते केवळ चरायला येतात, त्यामुळे येथे घरटी किंवा अंडी दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. सोलापूरकरांनी जानेवारीचा मध्य बहुधा आपण होऊनच टाळावा, कारण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत गाव सोडून जाण्यास घरातले कोणी तयार होत नाही आणि रेल्वेलाही गर्दी असते. फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ आहे: थवे मोठे असतात, ऊन सोसवते आणि परीक्षांमुळे शाळांच्या सहली कमी असतात.

महिना ठरला की तिथी पाहावी. भरती-ओहोटीचे कोष्टक संगणकावर सहज मिळते, हे खरे. पण ज्या गावातून दाते पंचांग निघते त्या गावच्या माणसाला घरातील भिंतीवरच्या किंवा फडताळातल्या पंचांगावरूनही भरतीचा चांगला अंदाज बांधता येतो. कोकणात पिढ्यानपिढ्या वापरात असलेला ठोकताळा असा आहे की तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा वाजता. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरती पहाटे असली तर दुसरी दुपारनंतर येते, आणि दररोज ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथी सूर्योदयाच्या वेळची धरावी. या ठोकताळ्यात अर्धा-पाऊण तासाची तूट असू शकते, शिवाय खाडीच्या आतल्या भागात पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडे उशिरा चढते, म्हणून हा अंदाज दिवस निवडण्यापुरताच वापरावा. नेमकी वेळ केंद्राकडून जाहीर होते तीच खरी मानावी.

आता हे गणित आपल्या कामाला कसे लावायचे ते पाहू. बोटीला चालण्यासाठी पुरेसे पाणी लागते, त्यामुळे फेऱ्या भरतीच्या आगेमागे ठेवल्या जातात. परंतु पूर्ण भरतीला चिखलपट्टे बुडालेले असतात आणि रोहितांचे मोठे थवे नवी मुंबईतील नेरूळ-सीवूड्सकडील तळ्यांवर किंवा भांडुपच्या बाजूच्या पाणथळांवर विश्रांतीस जातात. पूर्ण ओहोटीला उलट स्थिती असते: चिखल मैलभर उघडा, पक्षी पसरलेले, आणि बोट धक्क्याशी रुतलेली. म्हणून भरती ओसरू लागल्यानंतरचे पहिले दोन-अडीच तास सर्वांत चांगले. पाणी अजून बोटीपुरते आहे, कडेचा चिखल उघडा पडू लागला आहे आणि थवे परत येऊन उतरत आहेत, असा तो काळ असतो.

समजा आपण द्वादशीचा शनिवार निवडला. बारा तिथीची पाऊणपट नऊ; म्हणजे नऊ-साडेनऊच्या सुमारास पूर्ण भरती आणि दहा ते साडेअकरा ही आपल्याला हवी असलेली वेळ. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी ठाण्यास पोहोचते. गाडी तासभर रखडली तरी आपण वेळेत असतो. त्रयोदशी आणि चतुर्दशीही याच प्रकारे सोयीच्या आहेत. याउलट अष्टमी-नवमीला भरती सकाळी सहा-सातला येऊन जाते आणि ऐन दुपारी ओहोटी लागते, म्हणजे रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत ताटकळावे लागते. चतुर्थी-पंचमीला दुपारी तीन-चारची भरती असते. ती वेळ चालण्यासारखी आहे, पण त्यात प्रकाशाची अडचण येते. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे आणि अभयारण्याचे बरेचसे चिखलपट्टे समोरच्या, म्हणजे मुलुंड-भांडुपच्या बाजूला आहेत. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोरच्या पक्ष्यांचा गुलाबी रंग स्वच्छ दिसतो. संध्याकाळी तोच सूर्य डोळ्यांवर येतो आणि गुलाबी पक्षी काळ्या आकृत्यांसारखे दिसतात. ज्यांना छायाचित्रे काढायची आहेत त्यांनी सकाळचाच आग्रह धरावा.

आणखी एक बाब. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी असतो. उधाणाच्या दिवशी दृश्य झपाट्याने बदलते, अर्ध्या तासात जेथे पाणी होते तेथे चिखल दिसू लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने हा बदल डोळ्यांनी पाहावा असे मला वाटते, म्हणून द्वादशी ते चतुर्दशी या तिथींना माझी पसंती आहे.

दुसरी पायरी: आरक्षण

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते, तर बोटीच्या फेऱ्यांचे वेळापत्रक भरतीनुसार ठरत असल्यामुळे ते त्या मानाने उशिरा हाती येते. यावर उपाय हाच की तिथीवरून दोन तारखा मनाशी ठरवून आधी रेल्वेचे तिकीट काढावे आणि बोटीचे वेळापत्रक जाहीर होताच तिचे आरक्षण संकेतस्थळावरून करावे. ‘तिथे गेल्यावर मिळेल’ या भरवशावर सोलापूरहून निघू नये. शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात, कारण मुंबई, ठाणे आणि पुण्याहून लोक येतात. शुल्क, बोटीचा प्रकार आणि केंद्र बंद असण्याचा वार ही माहिती आरक्षण करतानाच वाचून घ्यावी आणि हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याचा नियमही पाहून ठेवावा.

शक्य असेल तर रविवारऐवजी शनिवार किंवा एखादा कामाचा दिवस निवडावा. मध्य रेल्वेवर रविवारी देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो आणि त्यात ठाणे-वाशी हा ट्रान्स-हार्बर मार्गही अनेकदा येतो. सकाळी दहाच्या फेरीला पोहोचताना अडचण आली नाही तरी परतताना लोकल बंद असू शकतात. मुंबईकराला हे अंगवळणी पडलेले असते, पाहुण्याची मात्र धांदल उडते.

सोलापूरहून सुटणारी वंदे भारत एक्स्प्रेस वेगवान असली तरी ती सकाळी निघून दुपारी मुंबईत पोहोचते, त्यामुळे एका दिवसाच्या या आखणीत ती बसत नाही.

तिसरी पायरी: निघण्यापूर्वीचा सराव

दुर्बीण नवी असेल तर ती प्रथम बोटीत हातात घेऊ नये. हिप्परग्याच्या तलावावर किंवा गावातल्या कंबर तलावावर एक सकाळ घालवून दोन गोष्टींचा सराव करावा: नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेरून, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणणे, आणि उडणाऱ्या बगळ्याचा दुर्बिणीतून पाठलाग करणे. बोटीसाठी आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण दहापटीपेक्षा बरी, कारण बोट हलत असताना जास्त मोठे दिसणारे चित्र जास्त थरथरते. दुर्बीण विकत घेणे जमणारे नसेल तर एका कुटुंबात एक पुरते, फक्त पाळीपाळीने पाहण्याचा करार घरीच करावा. बोटीत भांडण नको.

सामानाबद्दल थोडक्यात सांगतो. टोपी दोरीची असावी, नाहीतर वारा ती खाडीत नेतो. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे आणि मातकट रंगाचे असावेत. सोलापूरच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो, खाडीवर तो वाळत नाही. चाळीस अंशांना सरावलेला माणूसही तेथील बत्तीस अंशांत हैराण होतो, म्हणून पाणी नेहमीपेक्षा जास्त न्यावे. पायात मागे पट्टा असलेल्या चपला किंवा घट्ट बूट घालावेत. मोबाइल आणि पाकिटासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी. रेल्वेतल्या रात्रीसाठी चादर कोणती न्यावी हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांच्याइतके टिकाऊ आणि बिनत्रासाचे काही नाही, परंतु ते खाण्याची वेळ बोटीत बसण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतरची आहे.

चौथी पायरी: ठाण्याहून धक्क्यापर्यंत

तिकीट काढताना ठाण्याचा थांबा नीट पाहून ठाणे हेच उतरण्याचे स्थानक टाकावे. उतरल्यावर प्रतीक्षालयात तोंड धुऊन, चहा-नाश्ता करून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या फलाटावर जावे आणि वाशी, नेरूळ किंवा पनवेलकडे जाणारी कोणतीही लोकल धरावी. ऐरोली जवळच आहे. 2024 मध्ये ठाणे आणि ऐरोली यांच्या दरम्यान दिघा गाव हे नवे स्थानक सुरू झाल्यामुळे जुन्या माहितीप्रमाणे ‘ठाण्यानंतरचे पहिलेच स्थानक’ समजून उतरू नये, फलकावरचे नाव वाचावे. ऐरोलीहून केंद्रापर्यंत रिक्षा मिळते. रिक्षावाल्यास ‘फ्लेमिंगो पाहायला बोटी सुटतात ते वन विभागाचे केंद्र’ असे सांगितले की पुरते.

फेरीच्या वेळेआधी निदान पाऊण तास तेथे पोहोचावे. ओळखपत्र आणि आरक्षणाची पावती दाखवणे, स्वच्छतागृहात जाऊन येणे, जीवरक्षक जाकीट घालणे यांत वेळ जातो, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. बोटीत स्वच्छतागृह नसते. लहान मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या बाबतीत हे आधीच लक्षात घ्यावे. गुडघेदुखी असलेल्यांनी धक्क्यावरून बोटीत उतरताना बोटीवरील कर्मचाऱ्याचा हात मोकळेपणाने मागावा. पाण्याची पातळी खाली गेलेली असेल तर धक्का आणि बोट यांच्यातील उंचीचा फरक वाढतो आणि कडा शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात.

खाडीचे पाणी उघड्या समुद्रासारखे उसळत नाही, त्यामुळे बोट लागण्याचा त्रास सहसा होत नाही. वास मात्र येतो. खाजणातल्या काळ्या चिखलात हवा शिरत नाही आणि कुजणाऱ्या पाल्यातून गंधकाचा वायू सुटतो. त्यात शहराच्या सांडपाण्याचीही भर पडते. पाण्यावर प्लॅस्टिक तरंगताना दिसेल, थव्यांच्या मागे उंच इमारती आणि विजेचे मनोरे दिसतील. ज्यांच्या मनात निळ्याशार किनाऱ्याचे चित्र असेल त्यांनी ते सोलापूर स्थानकावरच सोडून यावे. या खाडीची गंमत अशी की लहान रोहित ज्या निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळावर जगतो ते शेवाळ अशा सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या पाण्यातच फोफावते. सांडपाण्याचे समर्थन यातून होत नाही. पण एवढ्या गजबजलेल्या महानगराच्या मधोमध हजारो पक्षी का येतात याचे अर्धे उत्तर त्यात आहे.

पाचवी पायरी: बोटीतला तास

बोट सुटल्यावर सुरुवातीची काही मिनिटे दोन्ही बाजूंना कांदळवन लागते. सगळे जण रोहितांच्या प्रतीक्षेत पुढे पाहत असतात. आपण कडेला पाहावे. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या असतो, चिखलाच्या काठाने राखी बगळा एकेक पाऊल मोजून टाकत असतो, वर ब्राह्मणी घार तिच्या विटकरी पंखांवरून आणि पांढऱ्या डोक्यावरून ओळखू येते. हिवाळ्यात बोटीमागे कुरवांचे थवे लागतात. त्यांना शेव-गाठी टाकण्याची खोड मुंबईच्या किनाऱ्यांवर बोकाळलेली आहे. तळलेले, मिठाचे पदार्थ त्या पक्ष्यांचे अन्न नव्हे आणि आपण अभयारण्यात आहोत, म्हणून मुलांना याबाबत आधीच बजावून ठेवावे.

सोबत असलेल्या मार्गदर्शकाचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. तो पक्ष्यांची नावे सांगतोच. परंतु आपण नेमके प्रश्न विचारले तर त्याहून पुष्कळ अधिक सांगतो. आज पाणी किती वेळाने उतरेल, थवा कोणत्या बाजूला बसला आहे, त्यात मोठे रोहित कोणते, करड्या रंगाचे पक्षी वेगळ्या जातीचे आहेत की पिल्ले आहेत, असे विचारावे. करडे पक्षी बहुधा अल्पवयीन रोहितच असतात. त्यांना पूर्ण गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, कारण तो रंग शेवाळातून आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जीवांतून मिळणाऱ्या रंगद्रव्याने हळूहळू चढतो.

थवा दिसताच सगळे जण एकाच बाजूला उभे राहतात, आणि हे मात्र कटाक्षाने टाळावे. बसल्या जागेवरून पाहावे. नावाडी बोट वळवून दुसऱ्या बाजूलाही दाखवतो. ‘काका, जरा जवळ घ्या ना’ असा आग्रह धरू नये आणि ‘एकदा उडवून दाखवा’ हे तर मुळीच म्हणू नये. ओहोटीच्या मोजक्या तासांत या पक्ष्यांना पोट भरायचे असते. प्रत्येक उड्डाणात चरण्याची वेळही जाते आणि ताकदही. थव्यातील माना एकदम उंच होऊ लागल्या आणि पक्षी एकाच दिशेने चालू लागले, तर बोट आधीच फार जवळ गेली आहे असे समजावे.

पहिली पाच मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवावा आणि दुर्बिणीतून एकच पक्षी निवडून पाहावा. मान पूर्ण खाली, डोके उलटे, चोचीचा वरचा भाग चिखलाकडे: रोहित असाच चरतो. जिभेच्या मागेपुढे होण्याने तो पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो, आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दात्यांच्या चाळणीत अन्न अडकते. लहान रोहिताची चाळणी इतकी बारीक असते की सूक्ष्म शेवाळही तीत राहते. मोठा रोहित त्याच चिखलातून कोळंबीसारखे जीव आणि किड्यांच्या अळ्या टिपतो. म्हणूनच दोघे एकाच चिखलावर भांडण न करता चरू शकतात. एवढे पाहून झाल्यावर हवी तेवढी छायाचित्रे काढावीत. मोबाइलच्या कॅमेऱ्यात थवा गुलाबी रेघेसारखा येतो, आणि त्यात समाधान मानणे बरे.

रोहितांच्या पायांशी इतर पक्षी असतात. लांब लाल पायांचा शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, ठिपक्यांसारखे धावणारे तुतवार, आणि कधी चित्रबलाक. यांतील शेकाट्या आणि चित्रबलाक उजनीवर पाहिलेले असतील, तर ओळख पटवणे सोपे जाईल.

सहावी पायरी: उतरल्यानंतर

बोटीतून उतरल्यावर बहुतेक लोक लगेच रिक्षा शोधतात. माझा आग्रह आहे की ओहोटी लागलेली असताना केंद्राच्या परिसरातून दिसणारे कांदळवन तास-दीड तास निवांत पाहावे, कारण रोहित पाहण्यासाठी बोट लागते, पण चिखलातले जग काठावरूनच चांगले दिसते. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेली शेकडो श्वसनमुळे दिसतील. गुदमरलेल्या गाळात मुळांना हवा मिळावी म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे. तिवराच्या पानाच्या पृष्ठभागावर मिठाचे बारीक कण असतात. पान न तोडता त्यावरून बोट फिरवून जिभेला लावले तर खारटपणा कळतो. राज्याने 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. ते झाड कोणते हे मार्गदर्शकाकडून विचारून घ्यावे.

चिखलावर नजर स्थिर ठेवली की प्रथम काहीच दिसत नाही, आणि मग दोन मिनिटांनी सगळा चिखल हलू लागतो. एकच नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे बिळांतून बाहेर येऊन ती नांगी वरखाली करतात. मोठी नांगी नरांनाच असते. निवटी हा मासा असूनही परांच्या आधाराने चिखलावर सरपटतो, उड्या मारतो आणि डोक्यावरचे डोळे फिरवत आपल्याकडे पाहतो. लहान मुलांना रोहितांपेक्षा निवटी जास्त आवडतात.

दुपारनंतर वेळ उरतोच. पुन्हा भरती चढेपर्यंत थांबण्याची तयारी असेल तर लोकलने सीवूड्सपर्यंत जाऊन तेथील तळ्याच्या काठावरून विश्रांती घेणारे थवे पाहता येतात, तेही बोटीशिवाय. मात्र द्वादशीच्या दिवशी दुसरी भरती रात्री नऊच्या पुढे येते, त्यामुळे त्या दिवशी हा बेत जमत नाही; पौर्णिमेच्या दिवशी फेरी आधीची मिळाली तर मात्र भरदुपारी तळे गाठता येते. अन्यथा ठाण्यात परतून तलावपाळीवर बसावे, जेवण करावे आणि पाय मोकळे करावेत.

परतीचे तिकीट ठाण्याहून काढावे की मुंबईहून, याचा विचार सोबतच्या मंडळींवर अवलंबून आहे. ज्येष्ठ माणसे आणि सामान असेल तर गाडी जेथून सुटते त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चढणे सुखाचे, कारण मधल्या थांब्यांवर गाडी थोडाच वेळ उभी राहते आणि अंधारात डबा शोधताना धावपळ होते. फक्त तरुण मंडळी असतील तर ठाण्याहूनच चढावे, म्हणजे मुंबईला उलटे जाण्याचा तास वाचतो. बर्थवर आडवे होण्यापूर्वी दुर्बीण आणि कॅमेऱ्याची भिंगे ओलसर मऊ कापडाने पुसून घ्यावीत. खाऱ्या वाऱ्याचा थर रात्रभर तसाच राहिला तर सकाळी तो निघता निघत नाही.